अंगण वाकडं असतंही कधी कधी

'नाचता येईना अंगण वाकडे' या म्हणीचा वाक्यात उपयोग मी वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतला. म्हणीत सगळा दोष नाचणाऱ्याचा, अंगण बिचारं निर्दोष! पण खेळाचा आणि नाचाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा अंगणाची बाजूही तपासावी असं वाटू लागलं.

आपल्याकडे पायाखालच्या जमिनीचा विचार सर्वांत बारकाईने केला तो तालमीतल्या वस्तादांनी. हौद्यातली तांबडी माती चाळून घ्यायची. तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर कालवायचा. रोज खोऱ्याने खणून ती भुसभुशीत ठेवायची. यात श्रद्धा होती, तसं साधं व्यवहारज्ञानही होतं. पाठीवर आदळलेला गडी उठून पुन्हा लढला पाहिजे! राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या परदेश दौऱ्यात रोमचं कोलोसियम पाहिलं आणि पुढे कोल्हापुरात खासबाग मैदान उभारलं. ते १९१२ साली खुलं झालं. भोवती हजारो प्रेक्षकांची सोय, पण मधोमध पैलवानांसाठी मातीच.

जमीन बदलली की खेळ बदलतो, हे खाशाबा जाधवांनी अनुभवलं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत घडलेला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरच्या कुस्तीची सवय नसतानाही ते सहावे आले. मग तयारी करून १९५२ ला हेलसिंकीत उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पण माती धक्का गिळते, परत काही देत नाही. आमच्या दुधनेच्या वाळूत धावून बघा, चार पावलांत पोटऱ्या भरून येतात. कुस्तीत पडायचं असतं, म्हणून माती चालते. नाचात आणि उड्यांच्या खेळांत पडून पुन्हा उसळायचं असतं. त्यासाठी पाश्चात्त्यांनी लाकडाची लवचिक जमीन तयार केली. तिला 'स्प्रंग फ्लोअर' म्हणतात. नावात स्प्रिंग असली तरी खाली स्प्रिंगा असतातच असं नाही. आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी, तिच्याखाली रबराचे किंवा फोमचे तुकडे, वर प्लायवुड किंवा फळ्या, एवढाच मामला. उडी पडली की जमीन काही मिलिमीटर दबते आणि लगेच पूर्ववत होते.

उडीवरून उतरताना पायांवर अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. सिमेंट तो जसाच्या तसा परत करतं, आणि मग नडगी, टाच, गुडघा हळूहळू तक्रार करू लागतात. लवचिक जमीन त्यातला काही भार स्वतः घेते. किती घ्यावा याचंही गणित आहे. घरातल्या खेळांच्या जमिनीसाठी २००६ साली आलेलं युरोपीय प्रमाण सांगतं, की काँक्रीटच्या तुलनेत धक्का किमान २५ टक्के कमी व्हावा, पण ७५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. फार मऊ जमिनीवर पाय मुरगळतो, दमही लवकर लागतो. आणि काँक्रीटवर नुसती पातळ चटई चिकटवली म्हणजे स्प्रंग फ्लोअर झाला, असं नाही.

आपले खेळही आता मातीतून उठले. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम केले ते मातीच्या मैदानासाठी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तो मॅटवर. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. ऊर भरून आला!

आता आमच्या बदनापूरकडे वळतो. इथली जमीन काळी. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. त्यामुळे शाळेच्या आवारात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक घालावेसे वाटले तर नवल नाही. पूर्वी स्नेहसंमेलनाला बाकं जोडून त्यावर फळ्या टाकायचे. पोरींचा नाच रंगला की तो रंगमंच करकरायचा, हलायचा, आणि आम्ही शिक्षक धास्तावून बघत बसायचो. पुढे सिमेंटचे पक्के रंगमंच आले. करकर थांबली, पण त्या फळ्यांचं दबणंही गेलं. पोरी मात्र अनवाणीच नाचतात.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे डांबरी रस्त्यावरून धावताना दिसतात. त्यांचं सगळं भवितव्य त्या दोन नडग्यांवर उभं आहे. एकाची नडगी धरली की त्याचं भरतीचं वर्ष हातचं जातं, आणि वय काही थांबत नाही.

स्प्रंग फ्लोअर महाग असतो. पावसाळा आणि वाळवी यांपासून त्याला जपावंही लागतं. प्रत्येक गावाने तो करावा असं मी म्हणणार नाही. पण आवाराचा एक कोपरा तरी उघडा ठेवा. तिथे मुरूम-माती टाका, उड्यांचा खड्डा आठवड्यातून एकदा खणा, धावायला मातीची एक पट्टी राखा. आणि स्नेहसंमेलनाला सिमेंटच्या रंगमंचावर लाकडी पट्ट्या टाकून त्यावर प्लायवुड ठोका. गावातला कुठलाही सुतार एका दिवसात करून देईल.