कोबीवरचा आरोप

थायरॉइडची गोळी सुरू झाली की घरात पहिली सूचना येते ती म्हणजे कोबी बंद, फ्लॉवर बंद. ही सूचना आली कुठून, ते आज बघू या.

ती आली सशांच्या पिंजऱ्यांतून. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये अ‍ॅलन चेस्नी आणि त्यांचे सहकारी सशांवर उपदंशाचा अभ्यास करत होते. गलगंडाशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण सशांचे गळे सुजायला लागले. शोध घेतल्यावर कळलं, खुराकात मुख्य भर कोबीचा होता. १९२८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे असंही दिसलं, की सशांना आयोडीन दिलं तर गलगंड टळतो. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. घरोघरी पोचलं ते फक्त पहिलं.

कोबीत असतं काय? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. मोहरी फोडणीत तडतडते तेव्हा ती नाकात जात नाही. तीच मोहरी पाणी घालून फेसली की डोळ्यांतून पाणी काढते! दाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगं आणि मायरोसिनेज हे विकर. दाणा चिरडला की दोन्ही एकत्र येतात आणि झणका तयार होतो. कडकडीत तेलात विकरच निकामी होतं, म्हणून फोडणी सौम्य. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, ब्रोकोली ही सगळी मोहरीचीच भावंडं. किडीला दूर ठेवण्यासाठी त्यांनी हे हत्यार बाळगलेलं आहे.

या विघटनातून निघणारे काही पदार्थ थायरॉइडला अडवतात. थायोसायनेट आयोडीनला ग्रंथीत शिरू देत नाही. गॉयट्रिन तर हार्मोन बनण्याचंच काम रोखतं, ते १९४९ मध्ये सलगमाच्या जातीतून वेगळं काढलं गेलं.

पण या आरोपातून एक औषधही निघालं बरं का. न्यूझीलंडमध्ये रेपसीड, म्हणजे मोहरीचीच बहीण, खाऊ घातलेल्या उंदरांना गलगंड झाला आणि संशय थायोयुरियासारख्या रसायनांवर गेला. बाल्टिमोरमध्येही तशीच रसायनं प्रयोगांत योगायोगानं सापडत होती. मग १९४३ मध्ये बोस्टनच्या एडविन अ‍ॅस्टवुड यांनी विचार केला, की जे थायरॉइडला अडवतं ते अतिसक्रिय थायरॉइडच्या रुग्णाला द्यावं. ते लागू पडलं. आज दिली जाणारी कार्बिमाझोलची गोळी याच घराण्यातली.

आता पुन्हा जॉन्स हॉपकिन्स. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं, की आपण ब्रोकोली खाणार नाही. लहानपणी आईनं खायला लावली होती म्हणे. दोनच वर्षांनी पॉल टॅलले आणि त्यांच्या चमूनं त्याच ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं केलं. पेशींमध्ये विषारी द्रव्यं निकामी करणारी विकरं असतात, त्यांना ते जागं करतं. १९९७ मध्ये त्यांनीच दाखवलं, की तीन दिवसांच्या कोंबांत त्याचं मूळ द्रव्य मोठ्या गड्ड्यापेक्षा दहा ते शंभर पट असू शकतं. म्हणजे ज्या संस्थेत हे कुळ आरोपी ठरलं, तिथंच ते रक्षक ठरलं! संयुगांचं घराणं मात्र एकच.

इथं जरा सावध राहायला हवं. चीनमधल्या चिदोंग भागात, जिथली हवा प्रदूषित आहे, २९१ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. कोंबांचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेंझिनचे अवशेष ६१ टक्के जास्त बाहेर पडले. ही ठोस गोष्ट आहे. पण त्यानं कर्करोग टळतो हे त्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. बाटलीत गोळ्या भरून विकणारे ही ओळ गाळतात.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ८८ वर्षांच्या एका बाईंची हकिगत छापली. मधुमेह आटोक्यात राहील या आशेनं त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्चा बोक चॉय, म्हणजे चिनी कोबी, खात होत्या. थायरॉइड पार थंडावून त्या बेशुद्धीच्या टोकाला पोचल्या. दीड किलो, कच्चा, रोज! आपण वाटीभर भाजी खातो, शिजवून, आणि मीठ आयोडीनयुक्त असतं.

तेव्हा घरात कोणी कोबी सोडायला सांगितला, तर आपल्या डॉक्टरांना सशांच्या प्रयोगातलं ते दुसरं वाक्य जरूर विचारा. प्रश्न घेऊ या.