आधी अर्थ, मग अक्षर : ‘रीड’ या क्रियापदाविषयी

कवितेत नसलेले काहीतरी समीक्षकाने शोधून काढले की त्याच्यावर एक ठराविक आक्षेप घेतला जातो : जे लिहिले आहे तेवढे आधी वाचा, अर्थ मागाहून लावा. हा आक्षेप आम्ही स्वतः अनेकदा घेतला आहे आणि जवळजवळ तितक्याच वेळा सोसलाही आहे. वाचन ही साधी, निर्विवाद क्रिया; अर्थनिर्णय हा तिच्यावर चढवलेला, काहीसा संशयास्पद मजला, अशी समजूत त्यामागे असते. ‘चेहरा वाचणे’, ‘मन वाचणे’ हे प्रयोगही आपण याच हिशेबाने अलंकारिक मानतो. मुळात वाचायचे ते पुस्तक, बाकीची सारी लक्षणा. आपल्या समीक्षेत अलीकडे ‘निकट वाचन’, ‘स्त्रीवादी वाचन’ असे जे प्रयोग रुळले, ते ज्या इंग्रजी क्रियापदाच्या सावलीत वाढले त्या ‘रीड’चा इतिहास मात्र नेमका उलट्या दिशेने जातो.

‘रीड’चे जुन्या इंग्रजीतील रूप ‘रॅडन’. या धातूचा जर्मानिक कुळातील भाषांना सामाईक असलेला जुना अर्थ पुस्तकाशी मुळीच संबंधित नाही. सल्ला देणे, मसलत करणे, निर्णय घेणे, तर्क लढवणे, गूढ उकलणे, असा त्याचा पसारा आहे. जर्मनमधील ‘राटेन’ आजही सल्ला देणे आणि कोडे ओळखणे या दोन्ही अर्थी चालते. ‘राट’ म्हणजे सल्ला आणि सल्लागारांचे मंडळही, म्हणून नगरसभेची इमारत ती ‘राटहाउस’. संस्कृतातील राध्, म्हणजे सिद्धीस नेणे, हा धातू भाषाशास्त्रज्ञ याच कुळात घालतात. तसे पाहिले तर आपली ‘आराधना’ ही इंग्रजांच्या ‘रीडिंग’ची दूरची चुलत बहीण ठरते. असो.

लिहिलेले उच्चारणे किंवा समजून घेणे या नव्या क्रियेला नाव देण्याची वेळ आली तेव्हा निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे शब्द कामाला लावले. लॅटिनने ‘लेगेरे’ म्हणजे वेचणे हा शब्द घेतला. जर्मन ‘लेझेन’चाही मूळ अर्थ वेचणे, द्राक्षांच्या तोडणीला तिथे अजूनही ‘वाइनलेझे’ म्हणतात. ग्रीकांनी पुन्हा ओळखणे असा शब्द योजला. चौथ्या शतकात बायबलचे गॉथिक भाषांतर करणाऱ्या वुल्फिलाने येशू सभास्थानात शास्त्र वाचावयास उभा राहिला असे सांगताना चक्क ‘गाणे’ या अर्थाचे क्रियापद वापरले आहे. जुन्या इंग्रजीजवळही ‘लेसन’ हा वेचण्याचा शब्द होता. पण तो शेतातच राहिला; कापणीनंतर पडलेली कणसे वेचणाऱ्या बायकांच्या कामाला इंग्लंडच्या बोलींमध्ये पुढे कित्येक शतके तोच शब्द लागत होता. पुस्तकासाठी इंग्रजांनी निवडला तो ‘रॅडन’.

या निवडीमागे रून लिपी असावी, असे मानण्यास जागा आहे. लाकडावर, हाडावर, दगडावर कोरलेल्या त्या रेषा डोळ्यांपुढून नुसत्या सरकत नाहीत. त्या उलगडाव्या लागतात. ‘रॅडन’चे नॉर्स भावंड ‘राडा’ नेमके या कामासाठी वापरात होते. स्वीडनमधील उपलांड प्रांतात अकराव्या शतकातील ज्या शिळा आहेत, त्यांतल्या काहींवर कोरणाऱ्याने रूनकुशल माणसाला या रेषांची उकल करण्याचे आवाहन याच क्रियापदाने केले आहे. (मराठी वाचकाला ‘राडा’ ऐकून भलतेच काही आठवेल, त्याला आमचा इलाज नाही.)

उकल आणि वाचन यांचे हे सख्य दाखवणारा सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे इंग्रजीतील कोड्याचा शब्द. ‘रिडल’ हा ‘रॅडन’चाच वंशज. त्याचे जुने रूप ‘रॅडेल्स’. अखेरचा ‘स’ अनेकवचनाचा आहे असे समजून लोकांनी तो पुढे काढून टाकला. बिशप लिओफ्रिकने अकराव्या शतकात एक्सेटरच्या कॅथीड्रलला दिलेल्या हस्तलिखितात अशी नव्वदाहून अधिक कोडी आहेत आणि त्यांच्याबरोबर उत्तरांची यादी नाही. एका कोड्यात एक प्राणी आपली कहाणी सांगतो. त्याला मारले, पाण्यात भिजवले, उन्हात वाळवले, सुरीने घासले, मग पक्ष्याच्या पिसाने त्याच्यावर काळ्या खुणा उमटवल्या. हा प्राणी म्हणजे चर्मपत्रावरचा ग्रंथ, बहुधा बायबल. दुसऱ्या एका कोड्याचा विषय पुस्तकाला लागलेली कसर हा आहे. एवढे शब्द पोटात गेले तरी त्या किड्याच्या शहाणपणात भर पडली नाही, असा त्यातला टोमणा. रामदासांनी दासबोधात पढतमूर्खासाठी एक आख्खा समास खर्ची घातला; इंग्रज भिक्षूने तेच काम एका किड्यावर भागवले. अक्षरे पोटात घालणे आणि ‘रॅडन’ या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या भाषेला दहाव्या शतकातच ठाऊक होते.

पण हा शब्द केवळ मठांत राहिला असता तर त्याची कथा एवढ्यावर संपली असती. तो राजसभेत होता, राजांच्या नावांत होता. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड, म्हणजे ‘आल्फ-रॅड’; आल्फ हे अद्भुत योनीतले जीव, त्यांची मसलत ज्याला लाभली तो. ८७१ साली तो गादीवर आला तेव्हा डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी मठ आणि ग्रंथालये उद्ध्वस्त झाली होती. पोप ग्रेगरीच्या ‘पास्टोरल केअर’ या ग्रंथाच्या भाषांतराला त्याने जी प्रस्तावना जोडली तीत तो लिहितो की, आपण राज्यावर आलो तेव्हा थेम्सच्या दक्षिणेस लॅटिन समजणारा एकही माणूस आपल्याला आठवत नाही. त्यावर त्याने काढलेला उपाय असा की, ऐपत असलेल्या स्वतंत्र घरांतील मुलांनी इंग्रजी लिखाण नीट उलगडता येईपर्यंत शिकत राहावे. क्रियापद तेच, ‘आरॅडन’.

या आल्फ्रेडचे स्वतःचे वाचन हा इतिहासकारांच्या वादाचा विषय आहे आणि आम्हाला तो फार मोलाचा वाटतो. त्याचा चरित्रकार बिशप ॲसर याने ८९३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या चरित्रात एक गोष्ट आहे. आईने इंग्रजी कवितांचे एक पुस्तक मुलांना दाखवले आणि जो ते सर्वांत लवकर शिकेल त्याला ते देईन असे सांगितले. आद्याक्षराच्या नक्षीवर भुललेला धाकटा आल्फ्रेड ते घेऊन गुरुजींकडे गेला, ‘आणि वाचले’, मग आईकडे येऊन त्याने ते म्हणून दाखवले. वाचले कोणी? मुलाने की गुरुजींनी? वाक्य त्याचा निर्वाळा देत नाही. तोच ॲसर सांगतो की बारा वर्षांचा होईपर्यंत किंवा त्याहूनही नंतरपर्यंत आल्फ्रेड निरक्षर होता. ज्या एकमेव मध्ययुगीन प्रतीवर डोळे ताणून याचा काही छडा लागला असता ती १७३१ च्या आगीत लंडनमध्ये जळून गेली. पुढे ॲसर आणखी एक नोंद करतो. ८८७ साली, राजा पस्तिशी ओलांडून चाळिशीकडे झुकला असता, त्याने लॅटिन वाचणे आणि त्याचा अर्थ सांगणे या दोन्हींना एकाच दिवशी आरंभ केला. ॲसरला हा दैवी चमत्कार वाटतो. लॅटिनमध्ये त्या क्रिया दोन आहेत, त्यांना शब्दही दोन आहेत, म्हणून त्या एका दिवसात मावल्या याचे त्याला नवल. राजाच्या मातृभाषेत मात्र त्या दोहोंना एकच शब्द होता.

आल्फ्रेडने न्यायदानाचे काम करणाऱ्या सरदारांना आणि अंमलदारांना बजावले होते : शहाणपण शिका, नाहीतर अधिकार सोडा. ॲसरच्या सांगण्यानुसार ही वयस्क मंडळी उसासे टाकीत शिकू लागली. ज्यांना वयोमानाने किंवा मंद बुद्धीमुळे जमेना त्यांनी मुलाला, नातलगाला, प्रसंगी गुलामाला रात्रंदिवस आपल्यासमोर इंग्रजी पुस्तके वाचावयास बसवले. यातला गुलाम आम्हाला विसरता येत नाही. धनी निवाडा देणार आणि निवाड्याला लागणारे शहाणपण त्याच्या गुलामाच्या तोंडून येणार. ‘रॅड’ म्हणजे मसलत देण्याचा मान. ती नित्य देत होता तो ज्याला सभेत उभे राहण्याचाही हक्क नव्हता.

आल्फ्रेडचा खापरपणतू एथेलरेड. ‘एथेल’ म्हणजे कुलीन, नामांकित. तेव्हा नावाचा अर्थ उदात्त मसलत. ९७८ साली राज्यावर आलेल्या या राजाने डेन लोकांना वारंवार खंडणी दिली, १००२ साली आपल्या राज्यातील डेन लोकांच्या कत्तलीचा हुकूम सोडला आणि १०१३ साली गादी गमावून तो पळाला; वर्षभराने परतला, १०१६ साली वारला. लोकांनी त्याला जोडलेले बिरुद ‘उनरॅड’, मसलतच नसलेला, कुबुद्धी. नाव आणि बिरुद मिळून ‘सुमसलत कुमसलत’ असा तो विनोद होता. मात्र या बिरुदाची नोंद मिळते ती त्याच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, तेव्हा समकालीन चेष्टा म्हणून ती फारशी खपू नये. पुढे ‘रॅड’चा मसलत हा अर्थ विटला आणि लोक त्या बिरुदात ‘अनरेडी’ म्हणजे अनुद्यत, गाफील असे ऐकू लागले. शाळेच्या पुस्तकांतून तो राजा तसाच राहिला. ज्याच्या नावातच ‘रीड’ होते त्याचे नाव चुकीचे वाचले गेले!

पुढची हकिकत थोडक्यात. सल्ल्याच्या अर्थी तोच शब्द ‘रीड’ अशाच उच्चाराने, पण निराळ्या वर्णलेखनाने उरला आणि हळूहळू काव्यभाषेत गेला; ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकात ओफीलिया भावाला सुनावताना तो वापरते. मुख्य प्रवाहात पुस्तकाने सारी जागा व्यापली. तरी हात पाहणारा तळहात ‘रीड’ करतो, खेळपट्टी ‘रीड’ केली जाते, विजेच्या मीटरचे ‘रीडिंग’ घेतले जाते. यांतला कुठलाही प्रयोग पहिल्यांदा कोणी केला तेव्हा त्याच्या मनात पुस्तक असेलही. पण जुनी वहिवाट त्या प्रयोगांचीच आहे. पुस्तक हा नंतर आलेला भाडेकरू.

आपल्या ‘वाचणे’चे कूळ वेगळे. ते वच् धातूच्या प्रयोजक रूपातून, ‘वाचयति’मधून, आले : बोलावयास लावणे. पुण्याहवाचनात पुस्तक नसले तरी चालते. यजमान ब्राह्मणांकडून ‘पुण्याह’ वदवून घेतो म्हणून ते वाचन. (जगण्याच्या अर्थाचे ‘वाचणे’ निराळे, जुन्या लेखनात त्यावर अनुस्वार असे. ‘वाचाल तर वाचाल’ ही घोषणा दोन परक्यांच्या अपघाती भेटीवर उभी आहे.) आपल्याकडे पान बोलते, वाचणारा त्याला कंठ देतो, पोथीसमोर बसलेले ऐकतात. इंग्रजांचे पान गप्प बसून कोडे घालते. म्हणूनच ‘वाचन’ या शब्दावर आपण ‘रीडिंग’चा सगळा भार टाकतो तेव्हा तो अवघडतो, आणि समीक्षकावरचा तो आक्षेप मराठीत अधिक सयुक्तिक वाटतो.

‘रॅडन’च्या जागी मराठीने दुसरेच क्रियापद ठेवले आहे. आपण अर्थ ‘लावतो’. एखाद्याचे हस्ताक्षर दुर्बोध असले तर ‘अक्षर लागत नाही’ म्हणतो. मोडी कागद हाताळणाऱ्याला हे रोजचे आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच रूपाने समोर येतात, आणि कागद कोणी, कोणाला, कशासाठी लिहिला याचा अंदाज आधी बांधल्याशिवाय दिवस की दुबळा हे ठरत नाही.