ज्ञात सर्वांत मोठी मूळ संख्या : स्वरूप आणि गुणधर्म

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी आजवरच्या सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येची घोषणा झाली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केल्यास ही संख्या मिळते. दशमान पद्धतीत तिचे ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक होतात. २०१८ मधील आधीची विक्रमी संख्या २,४८,६२,०४८ अंकी होती.

१ आणि स्वतः ती संख्या यांखेरीज अन्य विभाजक नसलेली, १ पेक्षा मोठी संख्या म्हणजे मूळ संख्या. अशा संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी सिद्ध केले. त्यामुळे 'सर्वांत मोठी' हे बिरुद केवळ 'ज्ञात' संख्येलाच लागू पडते.

मर्सेन संख्या

२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्या फ्रेंच अभ्यासक मारँ मर्सेन (१५८८–१६४८) यांच्या नावाने ओळखल्या जातात. अशी संख्या मूळ ठरण्यासाठी घातांक मूळ असणे आवश्यक आहे. परंतु तेवढे पुरेसे नाही. ११ मूळ असूनही २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, ही २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. नवी संख्या ही ५२ वी ज्ञात मर्सेन मूळ संख्या होय. द्विमान पद्धतीत तिचे सर्व अंक १ आहेत; दशमान पद्धतीतही तिचा शेवटचा अंक १ आहे. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक सम परिपूर्ण संख्या मिळते. उदाहरणार्थ, ७ पासून २८.

पडताळणी

या संख्यांसाठी ल्युका–लेमर कसोटी वापरतात. ४ पासून आरंभ करून दर टप्प्यास वर्ग करावा, २ वजा करावेत आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या टप्प्यांनंतर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ ठरते. ३१ साठी (घातांक ५) तीन टप्प्यांत १४, ८ आणि ० मिळतात. नव्या संख्येसाठी असे १३ कोटींहून अधिक टप्पे लागतात. 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च' या १९९६ पासूनच्या स्वयंसेवी उपक्रमातील ल्यूक ड्युरांट यांनी ग्राफिक्स प्रोसेसरच्या साह्याने हा शोध लावला.

कोणत्याही स्वरूपाच्या संख्येस लागू पडणारी सार्वत्रिक कसोटी २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी मांडली. विक्रमी मर्सेन संख्यांसाठी मात्र ल्युका–लेमर कसोटीच अधिक वेगवान ठरते.

बँकव्यवहारांवर परिणाम?

आरएसए या प्रचलित सांकेतिक पद्धतीत सुमारे ३०० अंकी दोन गुप्त मूळ संख्यांचा गुणाकार वापरला जातो. त्या गुणाकाराचे अवयव शोधण्यातील काठिण्य हेच तिचे संरक्षण. विक्रमी संख्या सर्वांना ठाऊक असल्याने गुप्ततेसाठी निरुपयोगी आहे. तिच्या शोधाने सांकेतिक पद्धतीला धोकाही पोहोचत नाही. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत काय, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.