मेदविघटन, जीवाणुजन्य
खानावळी व उपाहारगृहे यांच्या मोऱ्यांतून येणाऱ्या खरकट्यातील तेल, तूप व चरबी यांचे जीवाणूंनी निर्मिलेल्या लायपेज या एंझाइमाच्या योगे होणारे विघटन. मेद पाण्यात विरघळत नसल्यामुळे ही क्रिया तेल व पाणी यांच्या सीमेवरच घडते. म्हणून तवंग जितक्या बारीक थेंबांत विखुरलेला, तितकी ती जलद. स्यूडोमोनस व बॅसिलस या वंशांतील कित्येक जीवाणू हे एंझाइम पेशीबाहेर सोडतात आणि मेदाच्या रेणूपासून ग्लिसरॉल व वसाम्ले मोकळी होतात.

परंतु नुसते एंझाइम मोरीत ओतले की बंदोबस्त झाला, ही समजूत घातकच म्हटली पाहिजे. कारण ही वसाम्ले जिवंत जीवाणूंनी फस्त केली नाहीत, तर ती पुढे गटारात काँक्रीटमधून झिरपणाऱ्या कॅल्शियमाशी संयोग पावून साबणासारखा कठीण थर धरतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील भुयारी गटारात २०१७ साली मेद व चिंध्यांसारखा कचरा यांचा सुमारे २५० मी. लांबीचा, १३० टनांचा गोळा सापडला, तो फोडावयास कित्येक आठवडे लागले. सबब चरबी अडविणाऱ्या कुंडीत जीवाणूंची वसाहत टिकविणे जरूर असते. तीत उकळते पाणी अगर तीव्र जंतुनाशके सोडल्यास ती वसाहत नष्ट होते.