नीम-कलम : शाईची छाया

इराणी लघुचित्रांत माणसाला सावली नाहीं. उजेड सर्वत्र सारखा, रंग सपाट, रेषा तेवढी रेखीव. मीर सय्यद अली व अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या हाताखालीं अकबराची चित्रशाळा उभी राहिली. मग तेथील आकृतींना अंगाचा भरीवपणा कोठून आला?

त्याचा एक धागा गोव्याकडे जातो. १५७९ सालीं गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० च्या आरंभीं फत्तेपूर सिक्रीस पोहोंचले. त्यांनीं बादशहास अँटवर्प येथें छापलेलें बहुभाषी बायबल नजर केलें. त्यांतील ताम्रपटांवरून छापलेल्या चित्रांत रंग नव्हता. काळ्या रेघांच्या दाट-विरळ जाळीनेंच छायाप्रकाश दाखविला होता.

दरबारी चिताऱ्यांनीं त्या जाळीचें मर्म ओळखलें. शाई पाण्यांत पातळ करून त्यांनीं कुंचल्याचे हलके हात एकावर एक दिले. वस्त्राची चुणी खोल, तेथें हात अधिक. गाल उजळ, तेथें कागद जवळजवळ कोराच. क्वचित् कोठें रंगाचा वा सोन्याचा स्पर्श. या रीतीस 'नीम-कलम', म्हणजे अर्धी लेखणी, असें नांव आहे. बसावन हा तींतला अग्रगण्य चितारी.

१६०० च्या सुमारास तेरा वर्षांच्या अबुल हसननें ड्यूररच्या छापचित्रांतील संत योहानाची आकृति रेखाटली. ती पाहतांना श्रोत्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें : सावली परकी होती, रेषा मात्र घरचीच राहिली. उसनें घेऊनहि आपलें न गमावणें, हीच खरी कलावंताची श्रीमंती.