बालविकासाचे निरीक्षण व नोंदी (धाराशिव जिल्हा)

अंगणवाडी, बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गात मूल काय करते, काय बोलते, कशाशी आणि कोणाबरोबर खेळते, हे रोजच्या व्यवहारात पाहून लिहून ठेवण्याची पद्धत. या वयाच्या मुलाला प्रश्नपत्रिका देऊन काही कळत नाही. आज गप्प बसलेले मूल उद्या तेच गाणे सगळ्यांत आधी म्हणते. म्हणून पाहणे आणि लिहिणे हाच त्याची वाढ समजून घेण्याचा मुख्य मार्ग ठरतो. धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) हे काम प्रामुख्याने अंगणवाडी सेविका आणि जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक करतात. ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर आणि तांड्या-वस्त्यांवरची वेगळी घरभाषा यांमुळे येथे ते राज्याच्या पुष्कळ भागांपेक्षा अवघड आहे, आणि म्हणूनच अधिक मोलाचेही आहे.

पूर्वपीठिका : मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले. शिक्षिकेने आधी पाहावे आणि मग हात घालावा, ही शिस्त त्यांनी घालून दिली. इंग्लंडमध्ये सुझन आयझॅक्स यांनी केंब्रिजच्या माल्टिंग हाउस शाळेत १९२४ पासून मुलांचे बोलणे-वागणे टिपून ठेवले आणि त्या टिपणांवरच मुलांच्या विचारशक्तीविषयीचे लेखन उभे केले. मराठी मुलखात ही दृष्टी ताराबाई मोडक यांच्यामुळे रुजली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यावर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळेत न येणाऱ्या वारली मुलांसाठी ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आपल्या दारात मूल जसे वागते तसे ते परक्या खोलीत वागत नाही; तेव्हा त्याला त्याच्या जागी जाऊन पाहण्याची ही कोसबाडची रीत धाराशिवच्या तांड्यांनाही तितकीच लागू पडते.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांवरून पहिल्या अडीच वर्षांच्या विकासाची मोजपट्टी बसवली. ती वापरायला मात्र प्रशिक्षित तज्ज्ञ लागतो. वर्गातले निरीक्षण हे त्याहून वेगळे, रोजच्या सहवासातून होणारे काम होय.

अंगणवाडीतील नोंदी : २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून सेविकेच्या हाती वजनकाटा आणि वही दोन्ही आली. वजन-उंचीची नोंद व्यवस्थित रुळली आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर मुलाचे वजन वयानुसार रेषेवर मांडले जाते. मुलगे आणि मुलींचे तक्ते वेगळे असतात. रेषा हिरव्या पट्ट्यातून खाली घसरली, तर अक्षरओळख नसलेल्या आईलाही ती दिसते. याच कार्डावर मान धरणे, बसणे, चालणे, शब्द बोलणे असे विकासाचे टप्पेही दिलेले असतात; पण लक्ष बहुधा वजनाकडे जाते आणि टप्प्यांचा भाग मागे राहतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी राज्याने आणलेल्या ‘आकार’ अभ्यासक्रमात शारीरिक, बौद्धिक, भाषिक, सामाजिक-भावनिक अशी विकासाची अंगे धरून खेळ व कृती आखल्या आहेत. निरीक्षणही त्याच अंगांनी करायचे असते.

मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे केंद्राचे अ‍ॅप आले आणि बरीच नोंद मोबाईलवर गेली. त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन जुने होते, त्यांत जागा कमी होती आणि अ‍ॅप मराठीत नव्हते. अ‍ॅप मराठीत असावे ही त्यांची मागणी साधी वाटली तरी मुळावरची आहे, कारण ज्या भाषेत मूल पाहिले त्या भाषेत लिहिता आले नाही की नोंद आकड्यांपुरतीच उरते. जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, तेव्हापासून पोषण, आरोग्य, शिक्षणाचे निर्देशांक वरपर्यंत पाहिले जातात. आकडे वर जाणे आवश्यक आहेच. मात्र रोजचे निरीक्षण खाली, अंगणवाडीतच उपयोगी पडते. ते उद्याच्या खेळात उतरले नाही तर लिहून काही साधत नाही.

नोंदीचे स्वरूप : चांगल्या नोंदीत दिसलेली कृती असते, मत नसते. ‘हुशार आहे’, ‘चंचल आहे’, ‘सहभाग चांगला’ ही वाक्ये कोणत्याही मुलाच्या नावापुढे चालतात, म्हणून ती कोणाचीच नसतात. नमुन्यादाखल अशी नोंद पाहावी : ‘चिंचोके आणि खडे दोन वाट्यांत वेगळे केले. एका चपट्या काळ्या खड्यापाशी थांबला, नखाने खरवडून पाहिले, मग खड्यांत टाकला. शेजारच्या मुलीने चुकीच्या वाटीत टाकलेला चिंचोका न बोलता उचलून दिला.’ एवढ्या तीन वाक्यांत वर्गीकरण, बोटांचे कसब, शंका तपासण्याची वृत्ती आणि सोबतीची जाण असे चार धागे मिळतात. पुढे कोणता खेळ द्यावा हेही त्यातूनच सुचते. अशा प्रसंगनोंदींबरोबर पडताळासूची वापरतात (एका पायावर उभे राहते का, दोन सूचना लक्षात ठेवते का, इत्यादी). चित्रे, ठसेकाम, कागदकाम मुलाच्या संचिकेत तारखेसह ठेवतात. तारीख फार महत्त्वाची असते. जुलैतला गोंधळलेला गोल आणि डिसेंबरातला डोळे-हातपाय फुटलेला माणूस शेजारी ठेवले की वाढ दिसते.

चाळीस मिनिटे वही घेऊन बाजूला बसणे सेविकेला शक्य नसते. पोषण आहार, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षणे हे सारे तिच्याकडेच असते. रोज दोन-तीन मुले ठरवून त्यांच्याविषयी दोन ओळी लिहिणे तिला जमण्यासारखे असते. अशाने पंधरवड्यात साऱ्या वर्गावर नजर फिरते आणि नेहमी नजरेतून सुटणारे शांत मूलही सापडते.

घरभाषा : तुळजापूर, नळदुर्ग परिसरातल्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. कर्नाटकच्या आळंद व बसवकल्याण तालुक्यांना लागून असलेल्या उमरगा भागात कन्नड कानावर पडते. शहरांतल्या मुस्लिम वस्त्यांत दखनी, पारधी वस्त्यांवर पारधी बोली असते. ‘बोलत नाही’ अशी नोंद अशा मुलांबाबत सहज होते आणि ती बहुधा चुकीची असते. मूल मराठीत गप्प असते, पण मैत्रिणीशी गोरमाटीत सलग गोष्ट सांगत असते. म्हणून भाषाविकासाच्या नोंदीत कोणत्या भाषेत आणि कोणाशी, हे लिहिणे अनिवार्य मानावे. तीच काळजी मराठी घरांतल्या मुलांबाबत घ्यावी लागते. ‘आई भाकर करायलीय’ हे पूर्ण, नेटके वाक्य आहे. ते पुस्तकी करून उतरवले तर मुलाचे बोलणे वहीत येत नाही.

स्थलांतर : भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. लहान मुले बहुधा आईबापांबरोबर फडावर जातात. परिणामी अंगणवाडीतली नोंद नेमकी मधूनच तुटते. ऑक्टोबरपर्यंत कात्री धरायला शिकलेल्या मुलाचे पुढचे पान एप्रिलपर्यंत कोरे असते आणि हजेरीपटावर ते नुसते ‘गैरहजर’ दिसते. पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थी दुसऱ्या अंगणवाडीला जोडण्याची सोय आहे. राज्याच्या महिला व बालविकास विभागानेही स्थलांतराचा मागोवा घेणारी प्रणाली आणली. या दोन्हींचा भर मुख्यतः आहार व लसीकरण चालू राहावे यावर आहे. मूल काय करू लागले होते, कशाला घाबरते, कोणती भाषा बोलते, ही माहितीही त्याच्यासोबत जायला हवी. त्यासाठी तंत्रज्ञान लागत नाही. माता व बाल संरक्षण कार्ड आई जपून नेतेच. त्यात विकासाची एक पानभर नोंद ठेवली तर कारखान्याजवळच्या सेविकेला ती वाचता येईल. परत आल्यावर फडावर मूल काय शिकले हेही विचारून लिहावे. मोळी बांधणे, बैलगाडीचे भाग ओळखणे, धाकट्याला सांभाळणे हाही विकासच आहे.

अडचणींची ओळख : सेविकेने निदान करायचे नसते, दिसले ते लिहायचे असते. हाक मारल्यावर वळत नाही, वस्तू डोळ्यांजवळ धरते, पूर्वी येणारे शब्द आता म्हणत नाही, अशा नोंदी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवता येतात. हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यातील वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरजेनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाच्या काही मिनिटांच्या तपासणीत न दिसणारी गोष्ट सेविकेच्या तीन महिन्यांच्या वहीत दिसू शकते. ऊसतोड कुटुंबांतील मुलांसाठी यातली एक तपासणी टोळी निघण्यापूर्वी होणे गरजेचे आहे.

शाळेतील नोंदी : शिक्षण हक्क कायद्यानंतर राज्याने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. पहिलीपासून शिक्षक ‘वर्णनात्मक नोंदी’ लिहू लागले. कल्पना उत्तम होती, परंतु तयार वाक्यांच्या पुस्तिका व फाइली फिरू लागल्या आणि अनेक ठिकाणी तीच वाक्ये मुलामागून मुलाच्या नावापुढे उतरली. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ वर्षांसाठी निरीक्षण व मुलाच्या कामाचे विश्लेषण याच मुख्य पद्धती मानल्या आणि समग्र प्रगतिपत्रक सुचवले. त्यातही उसनी वाक्ये शिरली तर नवे पत्रक जुन्याच वाटेने जाईल.

अंगणवाडीतून पहिलीत जाताना सेविकेची वही सहसा शाळेत पोहोचत नाही. हा दुवा २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानाने काही अंशी जोडला. अभियानाच्या मेळाव्यात मूल शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व अशा टेबलांवर कृती करत फिरते, त्याच्या विकासपत्रावर खुणा होतात आणि आईला घरी करायच्या खेळांची माहिती मिळते. पहिला मेळावा एप्रिलमध्ये झाला, तेव्हा फडावरून परतायची राहिलेली मुले त्याला मुकण्याची शक्यता होती. अशा मुलांसाठी जूनमधला दुसरा मेळावा हीच पहिली नोंद ठरते, आणि त्या वेळी त्यांच्या विकासपत्रावर आधीच्या खुणा नसल्याने शिक्षकाला सेविकेकडे जाऊन विचारावे लागते.