गृहस्थाचा योग : नेरळपासून बोरघाटापर्यंत

योगदर्शन हे प्रपंचात राहून रोज आचरण्याचे शास्त्र आहे, ही समजूत आज रुळली असली तरी ती घडायला मोठा काळ जावा लागला. उल्हास नदीच्या खोऱ्यातले नेरळ आणि कर्जत, पाताळगंगेकाठचे खोपोली आणि बोरघाटाच्या माथ्यावरचे लोणावळे, एवढ्याशा टापूत या बदलाचे बहुतेक महत्त्वाचे टप्पे पाहायला मिळतात.

पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत यम आणि नियम आधी येतात. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पाच यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान हे पाच नियम. त्यानंतर आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. आसनाविषयी ग्रंथात अवघी तीन सूत्रे आहेत. भर आहे तो चित्त स्थिर करण्यावर आणि त्यासाठी दीर्घकाळ, खंड न पाडता करायच्या अभ्यासावर. सुखी माणसाशी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवानाबद्दल आनंद आणि दुष्टाची उपेक्षा या चार वृत्तींनी मन निर्मळ होते, असेही तेथे सांगितले आहे.

या चार भावना बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणून ओळखल्या जातात. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी असलेली कोंडाण्याची लेणी त्याच परंपरेची. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेल्या या लेण्यांत चैत्यगृह आणि विहार आहेत. कण्हाचा शिष्य बलक याचे नाव कोरलेला ब्राह्मी लेखही आहे. कोकणातली बंदरे आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांच्या आसपास अशी लेणी खोदली गेली. वाटेने व्यापारी जात, पण ध्यानाची साधना मात्र प्रामुख्याने भिक्षूंची राहिली.

पुढे महाराष्ट्रात योगाचा वारसा नाथपंथाने जपला. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी परंपरा ज्ञानदेवांपर्यंत येते. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीयोगाचे सविस्तर वर्णन मराठीत आले आणि संस्कृत न जाणणाऱ्यांनाही हे ज्ञान खुले झाले. वारकरी संप्रदायाने प्रपंच न सोडता साधना करण्याचा मार्ग गावोगाव नेला. नाथपंथी हठयोगाची कठोर तपश्चर्याही या भागात विसाव्या शतकाअखेरपर्यंत टिकून होती. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात जन्मलेले गगनगिरी महाराज यांनी खोपोलीत आश्रम उभारला. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच असून भाविकांची वर्दळ आजही असते.

तपस्व्याकडून गृहस्थाकडे योग सरकण्यास रेल्वेचाही हातभार लागला. १८५६ मध्ये कल्याणहून नेरळमार्गे खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी धावू लागली. त्यामुळे मुंबईच्या नोकरदार-व्यापारी माणसाला थंड हवेच्या आणि विश्रांतीच्या जागा आवाक्यात आल्या.

त्याच सुमारास नर्मदाकाठी मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदास यांच्या दोन शिष्यांनी योगाला आधुनिक वळण दिले. पहिले श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली. संस्थेचा रोख सुरुवातीपासून संसारी माणसावर होता, आणि योगेंद्र स्वतःही गृहस्थाश्रमीच राहिले. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिले. दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. संस्कृतचे विद्वान, बडोद्याला माणिकराव यांच्याकडे व्यायामविद्या शिकलेले आणि अमळनेरला शिक्षणकार्य केलेले. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले.

योगाचा परिणाम मोजून पाहिला पाहिजे, असा कुवलयानंदांचा आग्रह होता. उड्डियान व नौली या पोटाच्या योगक्रिया करताना शरीरात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली जातो, हे मोजून दाखवले व त्या स्थितीला गुरूंचे नाव दिले. अद्भुत सिद्धींच्या कथांनी जो विश्वास मिळत नव्हता, तो या मोजमापांनी मिळवला. १९३६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर कैवल्यधामचे आरोग्यकेंद्र उभे राहिले. पुढे लोणावळ्यात योगमहाविद्यालय आणि योगोपचाराचे रुग्णालयही सुरू झाले. कामावर जाण्यापूर्वी वा सुटल्यावर तासभर योगवर्गाला जाण्याची शहरी रीत अशा संस्थांतून रुजली.

घाटाच्या पायथ्याशीही आता प्रपंचात राहून जगण्याचा विचार शिकवणाऱ्या संस्था आहेत. मंत्रालयात नोकरी केलेल्या वामनराव पै यांच्या जीवनविद्या मिशनचे ज्ञानपीठ कर्जतला आहे. या संस्थेची शिकवण योगदर्शनाची नव्हे. पण विचार शुद्ध करून संसार सुखाचा करावा हा तिचा हेतू योगाच्या यम-नियमांशी जुळणारा आहे.

नेरळ स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ८६ किलोमीटरवर आहे. रोज लोकलने शहरात कामाला जाणाऱ्या इथल्या माणसाजवळ वेळ थोडा आणि दगदग फार. त्याला योगदर्शनातले बरेच काही चटई न अंथरताही आचरता येते. गर्दीत शब्द आवरणे ही अहिंसा, आपल्या हक्काचे नसलेले न घेणे हे अस्तेय, गरजेपुरतीच खरेदी हा अपरिग्रह, आणि गाडीतला अर्धा तास चांगल्या वाचनाला देणे हा स्वाध्याय. आसन-प्राणायामाला पहाटेची पंधरा-वीस मिनिटे दिली तरी आरंभाला पुरतात. नेम मात्र मोडता कामा नये.

संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन पाळला जातो. त्या दिवशी शाळा-मैदानांवर आसने होतात, आणि ती व्हावीतच. पण यम-नियम सोडून केलेली आसने हा केवळ व्यायाम ठरतो. कुवलयानंद आणि योगेंद्र यांनी योग गृहस्थाच्या दारापर्यंत आणला. तो वागणुकीत उतरवण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.